धुळीचे लांबलचक नाव

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस! रोमन लिपीत या शब्दाची ४५ अक्षरे होतात. तो डॉक्टरांनी घडवलेला नाही. अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या राष्ट्रीय संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली, सर्वांत लांब शब्द हवा म्हणून, तो गमतीने जुळवला.

आपण तो फोडून पाहू. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे अतिसूक्ष्म, सिलिको म्हणजे सिलिकाचा, व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. अर्थाचे तुकडे सहा; उच्चाराचे मात्र १९! त्यांपैकी मुख्य आघात येतो शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'ओसिस'मधल्या 'ओ'वर. ट्युबरक्युलोसिस, ऑस्मोसिस, मायटोसिस यांतही तसेच. शेपूट ओळखले की अशा बहुतेक शब्दांचा आघात सापडतो.

शब्द गमतीचा असला तरी रोग खरा आहे. जर्मन वैद्य त्सेंकर यांनी १८६७ सालीच धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराला 'न्यूमोनोकोनिओसिस' हे नाव दिले होते. अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे १९३०-३१ मध्ये बोगदा खणणारे शेकडो कामगार सिलिकाच्या धुळीने दगावले. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौरला, मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनाही सिलिकोसिस जडला.

म्हणून हा शब्द फळ्यावर फोडाल, तेव्हा 'कोनि'पाशी थोडे थांबा. ही धूळ कोणाच्या फुप्फुसात जाते, हेही मुलांना विचारा.