धर्मसेवा, अर्थशास्त्र आणि नांगर : सॅम हिगिनबॉटम यांच्या अलाहाबाद येथील कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ख्रिस्ती मिशनांनी अन्नवाटप केले व अनाथ मुलांना आश्रय दिला. मात्र दुष्काळ ओसरल्यावर वाचलेल्यांनी जगावे कशावर, हा प्रश्न शिल्लक राहिला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम व छपाईचे शिक्षण देऊन त्याला एक उत्तर दिले. सॅम हिगिनबॉटम (१८७४-१९५८) यांनी अलाहाबादेत (आताचे प्रयागराज) दुसरे उत्तर शोधले. त्याचे स्वरूप व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गातून शेताकडे :

मँचेस्टर येथे जन्मलेले हिगिनबॉटम १९०३ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. ग्रामीण भागातील दलितांमध्ये धर्मकार्य करावे ही त्यांची इच्छा होती. परंतु अलाहाबादच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांच्याकडे अर्थशास्त्राचे अध्यापन सोपविण्यात आले. परदेशी पाठ्यपुस्तकांतील सिद्धांत विद्यार्थ्यांच्या अनुभवाशी जुळत नसल्यामुळे ते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी बाहेर नेऊ लागले. बहुसंख्य लोकांचे जीवन शेतीवर अवलंबून असून शेतीचे अल्प उत्पादन हेच दारिद्र्याचे मूळ आहे, हा त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता.

मिशनऱ्याने शेती का करावी, या आक्षेपाला त्यांचे उत्तर स्पष्ट होते. भुकेल्याला अन्न पिकविण्यास समर्थ करणे हे त्यांच्या दृष्टीने धर्मकार्याचेच अंग होते. त्यासाठी त्यांनी ओहायो येथे कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि देणग्या जमविल्या. १९१० हे अलाहाबाद कृषी संस्थेचे स्थापनावर्ष मानले जाते. यमुनेपलीकडे नैनी येथे घेतलेली सुमारे २७५ एकर जमीन ओघळींनी खचलेली होती. अशा जमिनीत जे साधेल ते इतरत्रही साधेल, ही त्यामागील भूमिका होती. बांधबंदिस्ती, खत, मुरघास व सुधारित जनावरे यांचे प्रयोग तेथे झाले. १९२१ मध्ये आलेल्या मेसन वॉ यांनी सामान्य बैलजोडीला ओढता येतील असे लोखंडी नांगर तयार केले. १९४२ साली संस्थेत कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

मर्यादा :

या विचारात उत्पादनवाढीला प्राधान्य होते. उत्पन्नाच्या वाटपाचा प्रश्न मागे राहिला. जून १९२० मध्ये प्रतापगड परिसरातील शेतकरी बाबा रामचंद्र यांच्या नेतृत्वाखाली अलाहाबादेत आले. मूळचे महाराष्ट्रीय असलेले व फिजीत करारबद्ध मजुरी केलेले हे नेते मांडत होते ती गाऱ्हाणी बेदखली, नजराणा व वेठबिगारीची होती. ज्या कुळाला पुढील वर्षी जमीन आपल्याकडे राहील याचीच शाश्वती नाही, त्याने बांध कोणासाठी घालावा? या प्रश्नाचे उत्तर कृषिशाळेत नव्हते. ते जमीनदारी निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने, तेही अंशतः, दिले.

समारोप :

हिगिनबॉटम यांनी दानधर्माच्या जागी उत्पादनक्षमता आणली आणि अर्थशास्त्राला बांधावर नेले, हे त्यांचे योगदान निर्विवाद आहे. तथापि करुणा व तंत्रज्ञान यांना जमिनीवरील हक्काची जोड नसेल, तर वाढलेले पीक पिकविणाऱ्याच्या घरी पोहोचेलच असे नाही. नैनीचा नांगर आणि प्रतापगडची गाऱ्हाणी हा इतिहास म्हणूनच एकत्र वाचणे आवश्यक ठरते.