उभी रेघ, आडवी रेघ

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेले जुने दप्तर असेल. अकोल्याच्या बाजारातल्या कापसाचा हिशेब, अमरावतीकडच्या शेताचे खरेदीखत, असे काही त्यात निघते. अक्षर मोडी असते, म्हणून आपण ते पुन्हा बांधून ठेवतो. पण एकदा त्यातल्या आकड्यांकडे नीट पहा. आकड्यापुढे काही उभ्या आणि काही आडव्या रेघा दिसतील. आज गोष्ट सांगायची आहे ती या रेघांची.

रुपया सोळा आण्यांचा होता, हे गुरुजींनी मुलांना सांगितले असेलच. चार आणे म्हणजे पावली. हिशेबनीस पाव रुपयाला एक उभी रेघ ओढी, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. सुट्या आण्याला आडवी, जराशी तिरकस रेघ. पाच रुपये सात आणे लिहायचे, तर आधी पाचाचा आकडा, मग एक उभी रेघ, मग तीन आडव्या. चार आणे आणि तीन आणे, झाले सात! जुन्या मराठी पुस्तकांवर दीड रुपया किंमत एकावर दोन उभ्या रेघा देऊन छापीत, ती हीच रीत. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे तोंडपाठ असलेल्या माणसाला हा हिशेब नुसत्या नजरेने कळे.

ही रीत काही आपल्या एकट्याची नव्हे. १८५३ सालच्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्याआधी वऱ्हाड आणि तेलंगण एकाच निजामाच्या राज्यात होते. तेलुगू हिशेबनीसही पाव भागाला उभी रेघ ओढी, सोळाव्या भागाला आडवी, आणि चौसष्टाव्या भागाला पुन्हा उभी. भाषा वेगळी, लिपी वेगळी, पण चाराचारांनी वाटे करण्याची अक्कल तीच.

मग १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. हिशेब सोपा झाला, हे खरेच. आणे मात्र गेले आणि त्यांच्यामागून रेघाही गेल्या. पिकाची ‘आणेवारी’ हा शब्द तेवढा आपल्या तोंडी उरला.

आता संगणकाची गंमत ऐका. संगणकाला अक्षर ओळखू येत नाही, त्याला क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची यादी आहे. आपल्या वाक्याच्या शेवटच्या दंडाचा तिथला क्रमांक २४०४. पावाची रेघ दिसायला तशीच. पण तिला दंडाचाच क्रमांक दिला, तर यंत्र म्हणेल, इथे वाक्य संपले. हिशेब बुडालाच की! म्हणून वेगळा क्रमांक हवा. तेलुगू अपूर्णांकांची चिन्हे २००८ साली या यादीत आली. अंशुमान पांडे या अभ्यासकाने उत्तर भारतीय अंकचिन्हांचा प्रस्ताव मांडला आणि २००९ साली अशी दहा चिन्हे यादीत दाखल झाली. त्यांत पावाची रेघ ४३०५६ वी आणि एका आण्याची, म्हणजे सोळाव्या भागाची, ४३०५९ वी. मोडी लिपीला २०१४ साली जागा मिळाली.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? समजा, खतात भावाभावांचा हिस्सा आण्यांत लिहिला आहे. उभी रेघ आडवी वाचली, तर चार आण्यांचा एक आणा होतो. चार एकरांच्या जागी एकच एकर उरते! नुसता फोटो काढून ठेवला, तर कागद दिसतो, पण त्यातला मजकूर शोधता येत नाही. तो नीट वाचून योग्य चिन्हांत उतरवला, तरच पुढच्या पिढीला सापडेल.

यंत्राने रेघेला जागा दिली. पण ती वाचणारा माणूस आपल्यालाच तयार करावा लागेल. तेव्हा गुरुजी, एखाद्या शनिवारी मुलांना घरचा जुना कागद आणायला सांगा आणि रेघा मोजायला लावा. आणि मंडळी, ते दप्तर रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, आणि गावात मोडी जाणणारे म्हातारे माणूस असेल, तर आजच त्यांच्यापाशी जाऊन बसा.