थोरात, बाळासाहेब

(7 फेब्रुवारी 1953 – ). काँग्रेसचे नेते, महाराष्ट्राचे माजी महसूलमंत्री. संगमनेर मतदारसंघाचे 1985 ते 2024 सलग आठ वेळा आमदार. मूळ नाव विजय भाऊसाहेब थोरात. वडील भाऊसाहेब थोरात स्वातंत्र्यसैनिक आणि संगमनेर सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक. कारखाना, दूध संघ व शिक्षणसंस्थांच्या या जाळ्यातच मुलाच्या राजकारणाची मुळे आहेत.

एरवी काँग्रेसनिष्ठ म्हणून ओळखले जाणारे थोरात 1985 ची पहिली निवडणूक मात्र अपक्ष म्हणून जिंकले. 1999 मध्ये ते राज्यमंत्री झाले. पुढे कृषी आणि 2010 पासून महसूल खाते त्यांच्याकडे आले. जिल्ह्यातीलच प्रतिस्पर्धी राधाकृष्ण विखे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेल्यावर, पक्षाच्या पडत्या काळात, जुलै 2019 मध्ये प्रदेशाध्यक्षपद थोरातांकडे आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला 44 जागा मिळाल्या आणि महाविकास आघाडीच्या सरकारात ते पुन्हा महसूलमंत्री झाले.

या कारकिर्दीत घरखरेदीवरील मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर 2020 दरम्यान 3 टक्क्यांची सवलत मिळाली. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीकपेरा लावायला पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे; आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. जुना मोबाइल आणि रेंज नसलेले रान असेल तिथे हे बोलायला सोपे, करायला अवघड ठरले.

तालुक्याच्या राजकारणात निळवंडे धरण व त्याचे कालवे हा त्यांचा कायमचा विषय. प्रवरेवरील या धरणाच्या डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले ते 2023 मध्ये, थोरात विरोधात असताना. श्रेयाचा वाद अर्थातच पेटला. विखे-थोरात वैर जिल्ह्याला नवे नाही. त्यात थोरातांचे जोर्वे गाव मतदारसंघांच्या फेररचनेत विख्यांच्या शिर्डीत गेलेले, आणि 2022 च्या सत्तांतरानंतर महसूल खातेही विख्यांकडेच गेले.

2023 मध्ये भाचे सत्यजित तांबे नाशिक पदवीधर मतदारसंघातून अपक्ष लढून जिंकले, तेव्हा थोरातांची पक्षातच कोंडी झाली. तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्याशी बिनसल्याने त्यांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा पाठवला. पण ते पदावर राहिले. नोव्हेंबर 2024 मध्ये शिवसेनेचे (शिंदे) अमोल खताळ यांनी त्यांना सुमारे साडेदहा हजार मतांनी हरवले. निकालाआधी त्यांचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी चर्चेत होते.