फ्लिपर (पिनबॉल)

फ्लिपर हा पिनबॉल यंत्रातील, बटण दाबताच विजेच्या साहाय्याने हलून चेंडू परतवणारा छोटा दांडा होय. फ्लिपर येण्यापूर्वी, चेंडू सुटल्यावर यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळाडूच्या हाती फारसे काही नसे. १९४७ साली हॅरी मॅब्ज यांनी रचलेल्या गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात सहा फ्लिपर होते. खेळाडूंना हे नियंत्रण आवडल्याने इतर कंपन्यांनीही फ्लिपर स्वीकारले. १९४८ मध्ये स्टीव्ह कॉर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये तळाशी दोनच, पण अधिक जोरदार फ्लिपर बसवले. पुढे लांब फ्लिपरांमुळे नेम धरणे सोपे झाले आणि पटावरील लक्ष्यांची मांडणी त्यानुसार होऊ लागली.

न्यूयॉर्क शहराने पिनबॉलला जुगार मानून बंदी घातली होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीपुढे नेम सांगून चेंडू मारून दाखवला. त्यानंतर ती बंदी उठली.