हलता तांबडा दिवा



आगगाडीचे रूळ आणि रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे थांबावे लागते ते रस्त्यावरच्या माणसाला. कारण धावती गाडी एकाएकी थांबू शकत नाही. ही साधी गोष्ट त्याला वेळेवर कळावी म्हणून अमेरिकेतील फाटकांवर जे तांबडे दिवे लावले गेले, त्यांतील जुने, निकामी झालेले दिवे शोधून आणि दुरुस्त करून जपणारे हौशी लोक त्या देशात आहेत. भंगारातल्या या वस्तूंवर ते एवढा जीव का लावतात, ते समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

पूर्वी रहदारीच्या फाटकावर पहारेकरी असे. रात्री गाडी येऊ लागली की तो रस्त्यात उभा राहून तांबडा कंदील आडवा हालवी. परंतु प्रत्येक फाटकावर रात्रंदिवस माणूस ठेवणे रेल्वे कंपन्यांना परवडणारे नव्हते. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन याने रुळांतूनच विजेचा मंद प्रवाह खेळविण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. गाडीची चाके आणि आस यांनी दोन्ही रूळ जोडले गेले की तो प्रवाह पुढे पोहोचत नाही. पुढे याच तत्त्वावर फाटकाचे इशारे आपोआप सुरू होऊ लागले. रूळ तुटला वा तार निखळली तरीही इशारा सुरूच होतो. यंत्राची चूक व्हायचीच असेल तर ती जीव वाचविण्याच्या बाजूने व्हावी, असा हा विचार होता.

१९०९ साली कॅलिफोर्नियातील पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेचा अभियंता अल्बर्ट हंट याने एक नवा इशारा तयार केला. दोन विद्युतचुंबक आळीपाळीने ओढीत आणि त्यामुळे एक गोल तबकडी लंबकासारखी झुलू लागे. तिच्या मध्यभागी तांबडा दिवा असे, जोडीला घंटा वाजे. लोक त्याला ‘विगवॅग’ म्हणू लागले. १९१३ साली न्यू जर्सीत शेजारी शेजारी ठेवलेले दोन तांबडे दिवे आळीपाळीने उघडझाप करू लागले. त्यात काहीच हालत नाही; तरी डोळ्याला मात्र एकच कंदील इकडून तिकडे जाताना दिसतो. पहारेकरी गेला, पण त्याच्या हाताची ती हालचाल दिव्यात राहिली.

काचेचाही एक इतिहास आहे. एके काळी पुष्कळ रेल्वेंवर चालकासाठी पांढरा दिवा म्हणजे ‘मार्ग मोकळा’ असे. तांबडी काच फुटून पडली की आतली ज्योत पांढरी दिसे, आणि धोक्याचाच दिवा चालकाला पुढे बोलावी! शिवाय निरनिराळ्या कारखान्यांच्या काचांची तांबडी छटा सारखी नसे. कॉर्निंगच्या काच कारखान्यात विल्यम चर्चिल या संशोधकाने या रंगांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९०८ साली तेथील रेल्वे सिग्नल असोसिएशनने त्या रंगांची प्रमाणे मान्य केली. मोकळ्या मार्गासाठी हिरवा रंग रूढ होत गेला.

आता फाटकांवर एलईडी दिवे आल्यामुळे जुनी भिंगे उतरविली जात आहेत. आधीची भिंगे ८⅜ इंच व्यासाची असत, नंतरची १२ इंचांची. ती हाती आली की संग्राहकाचे काम सुरू होते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. दिवा कमी दाबाच्या विजेवर चालणारा, तेव्हा घरची वीज रोहित्रातूनच द्यावी लागते. उघडझाप मिनिटाला ३५ ते ६५ वेळा व्हावी, हे त्याच्या कामाचे प्रमाण. घरी शोभेसाठी लावतानाही जाणता संग्राहक ते मोडीत नाही. फुटलेल्या काचेच्या जागी साधी काच रंगवून बसविणे सोपे आहे. पण मग ज्या छटेसाठी एवढा खटाटोप झाला तीच हरवते.

आणखी एक मर्यादा सच्चा संग्राहक पाळतो. रेल्वेने काढून टाकलेला दिवाच तो घेतो, खांबावरच्या दिव्याला हात लावीत नाही. एखाद्याच्या दिवाणखान्यात दिवा वाढावा आणि फाटकावर अंधार व्हावा, याला छंद म्हणता येणार नाही. तो दिवा जपावयाचा तो मुळी एवढ्यासाठीच, की रात्रीच्या पावसात कोणी एक माणूस कंदील हालवीत अनोळखी वाटसरूंसाठी रस्त्यात उभा राहत होता, याची आठवण राहावी.