गळ, पेंड आणि पाणी : कृष्णाकाठच्या माशांचा इतिहास

आजच्या विषयाची जाहिरात झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. इतिहासाच्या व्याख्यानमालेत मासेमारी कशाला, असा सगळ्यांचा एकच प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही दोघांनी मिळून हे टिपण तयार केलंय. एकाला जुनी पुस्तकं चाळायची सवय, दुसऱ्याला सुट्टीच्या दिवशी पहाटे नदीकाठी बसायची. गेली काही वर्षं आमचा वाद चाललाय तो याच गोष्टीवर, की कोणत्या पाण्यात कोणता गळ आणि कोणतं आमिष, हे ठरवणाऱ्या माणसाला इतिहास माहीत असायला हवा की नको. आमचं म्हणणं असं, की त्याला माहीत असो वा नसो, तो इतिहासच गळाला लावून बसलेला असतो.

सुरुवात कऱ्हाडपासून करू. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, ते ठिकाण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाराव्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली होता. कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा हिचं चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याशी स्वयंवरात लग्न झालं, असं बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात सांगितलंय. या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी माणसाला हा ग्रंथ ओवीमुळे ठाऊक असतो, कारण महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. पण त्याच ग्रंथातल्या विनोदांच्या भागात, म्हणजे राजाच्या करमणुकींच्या भागात, ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. ते जवळजवळ कुणी वाचत नाही. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा कुठे त्याची थोडी चर्चा झाली.

या प्रकरणात काय आहे? समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, ही वर्गवारी. मग कुणाला काय खायला घालायचं : काही माशांना मांसाचे गोळे, काहींना पिठाचे. त्यानंतर काठी, दोर, गळ आणि आमिष. मासे खाऊ घालून एका जागी जमवायचे आणि मग तिथे गळ टाकायचा, ही रीत तेव्हाही होती. आज आपल्याकडचा हौशी गळवाला आदल्या संध्याकाळी जाऊन पाण्यात पेंड टाकून येतो आणि आपण मोठी युक्ती काढली असं समजतो. ती युक्ती नऊशे वर्षांची तरी आहे.

सोमेश्वराच्या प्रकरणातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. तो आधी माशाची जात सांगतो, मग आमिष. म्हणजे आमिषाचा प्रश्न हा माशाच्या तोंडाचा प्रश्न आहे. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपण ज्यांना ढोबळपणे कार्प म्हणतो त्या कुळातल्या माशांच्या जबड्यात दातच नसतात. दात असतात घशात. अन्न तोंडाने ओढून घ्यायचं आणि घशात दळायचं. पण तोंडाची ठेवण प्रत्येकाची निराळी. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो, म्हणून त्याच्यासाठी तरंगा लावून आमिष वरच्या पाण्यात लोंबत ठेवायचं. रोहूचं तोंड खाली वळलेलं, ओठाला झालर. मृगळ तळाचा. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तर चिखलात तोंड खुपसून चिखलासकट सगळं ओढून घेतो आणि नको ते थुंकून टाकतो. त्याच्यासाठी शिसं लावून आमिष तळाशीच बसवावं लागतं. एकच गळ, एकच कणकेची गोळी घेऊन चारही मासे धरायला निघालेला माणूस बहुधा चिलापीच घेऊन घरी येतो. (हशा)

आता दुसरं पान. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनचा सांख्यिकी अहवाल तयार करायच्या कामावर नेमलं. पुढची काही वर्षं तो दख्खनभर हिंडला. पिकं मोजली, पक्षी टिपले आणि मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत वाचला गेला. सायक्सने एक काम फार चांगलं केलं. त्याने माशांना लॅटिन नावं देताना काठावर ऐकलेली नावं तशीच उचलली. त्यामुळे आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत खुद्री, कोळस, बोगट, कवरस, फुलंगी, मळ्या, नुक्ता ही आपल्याकडची नावं लॅटिनचा कोट घालून बसलेली आहेत. इंग्रजी लिपीतून परत मराठीत आणताना उच्चार थोडे इकडेतिकडे होतात, तेवढं सांभाळून घ्या. दख्खनी महसीर म्हणतात तो मासा म्हणजे सायक्सचा खुद्री. त्याला तो पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता.

यातल्या नुक्ताबद्दल थोडं बोलतो, कारण तो आमचा लाडका आहे. याच्या नाकाडावर टेंगूळ असतं, त्यावरून नाव. तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. द्वीपकल्पाच्या नद्यांबाहेर हा मासा जगात कुठे नाही. आज तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. शेवाळ खरवडणाऱ्या माशाला कणकेच्या गोळीत फारसा रस नसतो, त्यामुळे तो गळाने संपला असं कुणी म्हणू नये. त्याचं पाणी बदललं.

पाणी कसं बदललं ते सांगायचं तर आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलंत तर वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच सापडतील. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. नदीला या हद्दीशी देणंघेणं नाही. पण गंमत अशी, की नदीचा स्वभावही साधारण याच पट्ट्यात बदलतो. वाईकडे खडक, रांजणखळगे, खळाळतं पाणी. कऱ्हाडच्या खाली ती पसरते, संथ होते. सांगलीजवळ डोह, गाळ आणि मळीची काळी जमीन.

स्वातंत्र्यानंतर यावर धरणं आली. कोयनेचं १९६०च्या दशकात पुरं झालं, वाईजवळचं धोम १९७०च्या दशकात, मग कण्हेर, वारणेवर चांदोली. खाली नदीत बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे एकामागून एक बंधारे. वाहती नदी जिन्याच्या पायऱ्यांसारखी तळ्यांची रांग झाली. पाऊस लागला की अंडी घालायला वर चढणारे मासे, ज्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, त्यांच्या वाटेत भिंती उभ्या राहिल्या. या पाण्याने शेती पिकली, ऊस आला, घरात दिवे लागले. आम्ही त्याबद्दल गळा काढणार नाही. आमच्या दोघांच्याही घरची शेती त्याच पाण्यावर आहे.

या नव्या, थांबलेल्या पाण्यात सोडायला मासे हवे होते. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. तळ्यात ते वाढतात, पण तळ्यात विणत नाहीत. त्यामुळे त्यांचं बीज नद्यांतून गोळा करून लांबवर न्यावं लागे. मग १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करून दाखवली. तो दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी बँकॉकहून सायप्रिनसची जात भारतात आली. या दोन गोष्टींनी आपल्या तळ्यांचा कायापालट केला. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरणात सोडायची आणि मच्छीमार संस्थेने ठेक्यावर ती वाढवून धरायची, अशी घडी बसली. तेव्हा आज धोमच्या काठावर बसून तुम्ही जो तीन किलोचा सायप्रिनस काढता, तो एका अर्थाने १९५७ चा मासा आहे.

आता जरा बाहेर डोकावू, कारण सायप्रिनस जगभरच्या गळवाल्यांचा मासा. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. आमिष काय, तर पावाचा लगदा. त्याआधी तिकडे लोक म्हणत, एवढा कार्प गळाला येतच नाही. पुढे १९८०च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हौदातल्या कार्पांकडे नुसतं बघत बसून एक गोष्ट हेरली : हा मासा संशयित वस्तू तोंडात घेऊन लगेच थुंकतो. म्हणून त्यांनी आमिष गळात खुपसायचं सोडून गळाच्या मागे केसाला बांधलं. सुरुवातीला खरोखरचा केस. मासा आमिष ओढतो, मोकळा गळ मागोमाग आत जातो आणि थुंकताना ओठात रुततो. आता बारीक दोरा वापरतात, नाव मात्र केसाचंच राहिलं.

आपल्याकडे नदीकाठी दिसते ती बांधणी निराळी. तारेची स्प्रिंग, तिच्यावर पेंडीचा गोळा दाबून बसवलेला, भोवती चारपाच गळ लोंबत. मासा गोळा चोखता चोखता एखादा गळ ओढून घेतो. आम्हाला ही बांधणी पटत नाही, स्पष्टच सांगतो. पोट भरायला मासे धरणाऱ्याने ती वापरली तर आमचं काही म्हणणं नाही, पण सोडून द्यायचा मासा असेल तर चार गळांनी त्याचं तोंड फाटतं. एक गळ, काटा दाबून बोथट केलेला, आणि दोऱ्यावर दोन उकडलेले हरभरे. तेवढं पुरतं.

आमिषाबाबत सातारा-सांगलीच्या माणसाने इंग्लंडकडे बघायची गरज नाही. शेंगदाण्याची पेंड घाण्यावर मिळते, वास लांबवर जातो. पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, बांधायला कणीक, किंचित गूळ. गोळा असा मळायचा की पाण्यात पडताना फुटू नये आणि अर्ध्या तासात विरघळायला लागावा. उन्हाळ्यात घट्ट, थंडीत सैल आणि थोडाच, कारण गार पाण्यात मासा कमी खातो. हरभरा, हुलगा, मका काहीही घ्या, रात्रभर भिजवून उकडल्याशिवाय टाकू नका. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

पाण्याची निवड करताना तळ बघा. माणदेशातली जुनी तळी, राजेवाडी असो की मायणी, उथळ आणि लवकर तापणारी. तिथे सायप्रिनससाठी पहाट बरी. गाळाच्या तळात जड शिसं रुतून बसतं आणि आमिषही घेऊन जातं. तिथे शिसं हलकं, गळाचा दोरा लांब. खडकात उलट, तळाशी टाकलंत तर शिसं परत येणार नाही, तरंगाच लावा. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, पाण्यात उतरून उभं राहायची हौस तिथे नको. कोयना आणि चांदोलीचं बरंचसं पाणी अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे गळ टाकायचाच नाही. ठेक्याच्या तलावावर संस्थेला विचारून बसा. त्या पाण्यावर भोई समाजातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. आणि जून-जुलैत नदीवर गळ नको. चढणीच्या माशाच्या पोटात अंडी असतात.

गळ ठेवला तरी नदी सुरक्षित राहते असं मात्र नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या पट्ट्यात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो इथल्या अनेकांनी पाहिलाय. त्यात बाहेरून आणलेले कोणते आणि मूळचे कोणते, हे मोजायला काठावर कुणी बसलं नव्हतं. आम्हीही नाही. ही खंत आमची आहे.

मागच्या हिवाळ्यात सायक्सची यादी देवनागरीत लिहून आम्ही काठाकाठाने हिंडलो. वाईच्या वरच्या अंगाला एका वयस्कर मच्छीमाराने ‘कोळस’ ऐकल्याबरोबर हाताने मासा किती लांब असतो ते दाखवलं, ‘मळ्या’ला खडकाकडे बोट केलं आणि ‘फुलंगी’चा उच्चार आम्ही चुकीचा करतोय म्हणून दुरुस्तही केला. शेजारी त्यांचा नातू जाळं उपसत होता. त्याला आम्ही विचारलं, यातले तू किती ओळखतोस? त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, “काका, यात सायप्रिनस कुठाय?”