पितळी भांड्यांतील भौतिक व रासायनिक बदल (भंडारा–गोंदिया)

धातूचा आकार, अवस्था किंवा कणरचना बदलली पण नवे संयुग झाले नाही, तर तो भौतिक बदल. संयुग झाले तर रासायनिक. बदल उलटवता येतो की नाही, ही शाळेतली कसोटी धातूंच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही. पूर्व विदर्भात दोन्ही बदल एकत्र दिसतात ते पितळी भांड्यांत. भंडारा या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला.

घडण : तांबे (वितळबिंदू १०८५° से.) आणि जस्त (४२०° से.) मुशीत एकत्र वितळवून पितळ करतात. जस्त तांब्यात विरघळते. हा बदल सहसा भौतिक मानतात. मुशीतून उठणारा पांढरा धूर मात्र जस्ताच्या वाफा हवेत जळून झालेला ऑक्साइड. ठोकून पत्रा कडक होतो, ताव दिला की पुन्हा मऊ पडतो. दोन्ही बदल भौतिक. ताव देताना वर चढणारा काळा थर रासायनिक.

कल्हई : भांडे घासून तापवतात, नवसागर टाकतात, कथील लावून कापडाने किंवा कापसाने फिरवतात. कथील २३२° से.ला वितळते. तेवढ्यावरून हे काम निव्वळ भौतिक म्हणणे बरोबर नाही. तापल्यावर नवसागरातून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड सुटतात. दुसरा वायू ऑक्साइडचा थर काढतो आणि कथील उघड्या धातूला भिडते. सांध्यावर तांबे-कथलाची पातळ आंतरधातू संयुगे होतात, त्यांमुळे थर घट्ट बसतो. कल्हईवाल्याचे कौशल्य बहुतेक तापमानात आहे : भांडे कमी तापले तर कथील गोळा होते, जास्त तापले तर त्याचा ऑक्साइड होतो.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंच किंवा आमटी ठेवली की ती कळकते. आंबटपणात तांब्याचे क्षार विरघळतात, म्हणून ती खाऊ नये. उघड्यावर ओलसर हवेत चढणारा हिरवट कळंक प्रामुख्याने तांब्याचा कार्बोनेट. चिंचेने घासल्यावर तो विरघळून भांडे उजळते, पण चिंच फार वेळ राहिल्यास जस्त निघून जाऊन तांबूस डाग पडू शकतात.

तडे : ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली असता तडकत. मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण यांचा हा जोड परिणाम असल्याचे स्पष्टीकरण १९२१ मध्ये मांडले गेले. एकट्या भौतिक किंवा एकट्या रासायनिक रकान्यात तो बसत नाही. थंड ठोकलेल्या भांड्याला शेवटी ताव दिल्यास हा ताण उतरतो.